रूसो की थोरो? लघुप्रबंधासाठी कोणाला धरायचं

परवा भाचीचा फोन आला. एम.ए.चं दुसरं वर्ष, लघुप्रबंधाचा विषय पंधरा दिवसांत द्यायचा. "मामा, साहित्य, निसर्ग आणि राज्यशास्त्र, तिन्ही ज्यात येईल असं काहीतरी हवंय. मॅडम म्हणतात, एकच लेखक धर. रूसो धरू की थोरो?" संध्याकाळी सांगतो म्हटलं, आणि संध्याकाळपर्यंत उत्तर इतकं लांबलं की फोनवर सांगण्याजोगं राहिलं नाही. तिच्यासारखी अडलेली आणखीही मंडळी असतील, म्हणून इथेच लिहितो.

लांबून पाहिलं तर दोघे सख्खे भाऊ वाटतात. दोघे पायी भटकणारे, दोघांना झाडापानांचं वेड, दोघांची सरकारशी खडाखडी, आणि 'निसर्गाकडे परत चला' हे वाक्य दोघांच्याही नावावर खपवलं जातं. रूसो जिनिव्हाचा विचारवंत, फ्रेंचमध्ये लिहिणारा, १७१२ ते १७७८. थोरो अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या काँकर्ड गावचा लेखक, १८१७ ते १८६२. फरक पटकन कळायचा तर दोघांच्या तुरुंगाच्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवाव्यात.

१७६२ साली रूसोची 'सामाजिक करार' आणि 'एमिल' ही पुस्तकं पाठोपाठ निघाली. पॅरिसमध्ये 'एमिल' जाळलं गेलं आणि लेखकाच्या अटकेचा हुकूम सुटला. जिनिव्हाने तर दोन्ही पुस्तकं जाळली. पळापळ करत तो १७६५च्या सप्टेंबरात स्वित्झर्लंडच्या बीएन सरोवरातल्या सां-पिएर बेटावर पोचला. तिथे राहिला जेमतेम सहा आठवडे. पुस्तकांच्या पेट्या उघडल्याच नाहीत. सकाळी भिंग घेऊन बेटावरची एकूण एक वनस्पती नोंदवायला निघायचा, दुपारी होडीत आडवं पडून तिला वाटेल तिकडे जाऊ द्यायचा. एक दिवस शेजारच्या छोट्या ओसाड बेटावर ससे सोडायला तो घरच्या मंडळींना घेऊन थाटात गेला. राज्यसंस्थेचा पाया खणून काढणाऱ्या माणसाने उभ्या आयुष्यात वसवलेली वसाहत ती एवढीच, सशांची! मग बर्नच्या सरकारने तिथूनही हाकललं. म्हातारपणी हे दिवस आठवताना तो लिहितो, त्यांनी मला त्या बेटावरच जन्मभर कोंडून ठेवलं असतं तर बरं झालं असतं. माणूस स्वतंत्र जन्मतो आणि सगळीकडे बेड्यांत असतो, असं लिहिणारा माणूस जन्मठेप मागतोय.

आता थोरो. जुलै १८४६. दुरुस्तीला दिलेला बूट आणायला हा गावात चांभाराकडे निघाला होता, तेवढ्यात धरला. डोईपट्टी कित्येक वर्षं भरलेली नव्हती. गुलामगिरी पोसणाऱ्या आणि मेक्सिकोवर चालून जाणाऱ्या सरकारला आपण पैसा का द्यावा, हा त्याचा सवाल. एक रात्र कोठडीत काढली. कोणीतरी परस्पर पट्टी भरून टाकली आणि सकाळी सुटका झाली. बाहेर आल्यावर त्याने काय केलं? राहिलेलं काम पुरं केलं, बूट घेतला आणि गावकऱ्यांबरोबर हकलबेरी तोडायला गेला. आपण करवंदांना जातो तसं. तुरुंगापासून दोन मैलांवरच्या टेकडीवर, त्या रानफळांच्या जाळ्यांत उभं राहिल्यावर, तो म्हणतो, राज्य कुठे दिसेचना.

रूसोच्या बेटावरून परत यायला वाट नाही. थोरोचं रान गावाला लागून आहे, तो जातो आणि संध्याकाळी घरी येतो. माझ्या मते निवड करायची ती इथे.

निसर्ग म्हणजे नेमकं काय?

रूसोचा 'विषमतेवरचा निबंध' १७५५चा. दुसऱ्या भागाची सुरुवात सगळ्यांना माहीत असते: ज्या पहिल्या माणसाने जमिनीला कुंपण घालून 'हे माझं' म्हटलं आणि ज्याला ते खरं मानणारे भोळे भेटले, तो नागरी समाजाचा खरा संस्थापक. या निबंधातली निसर्गावस्था ही समाज बनण्याआधीची माणसाची स्थिती, झाडं आणि ओढे नव्हेत. प्रस्तावनेत तो स्वतःच सांगतो की ही अवस्था आज नाही, कदाचित कधी नव्हतीच आणि बहुधा पुढेही येणार नाही. मग तिची गरज काय? आजच्या समाजाचं वजन करायला काटा हवा म्हणून. फ्रेंच लेखक व्होल्टेअरने टोमणा मारला होता की तुमचं पुस्तक वाचून चार पायांवर चालावंसं वाटतं. तो टोमणा इतका चिकटला की १९२३ साली आर्थर लव्हजॉय या अभ्यासकाला आख्खा निबंध लिहून दाखवावं लागलं की रूसो आदिमानवाचा भाट नव्हता.

फुलापानांचा रूसो पुढे भेटतो. १७७१ ते १७७३ या काळात एका आईला, तिच्या मुलीला शिकवता यावं म्हणून, त्याने वनस्पतिशास्त्राची पत्रं लिहिली. शेवटच्या दिवसांत फिरताना सुचलेलं तो खेळायच्या पत्त्यांवर टिपून ठेवायचा. त्यातले काही पत्ते आजही न्यूशातेलच्या ग्रंथालयात आहेत. त्या टिपणांच्या काळातलं 'एकाकी फिरस्त्याची चिंतनं' हे पुस्तक दहाव्या फेरीत (यातल्या प्रकरणांना तो 'फेरी' म्हणतो) अर्धवट राहिलं आणि मरणानंतर, १७८२ साली छापलं गेलं. काट्यासारखा वापरलेला निसर्ग आणि भिंगाखालचा निसर्ग हे दोन्ही एकाच माणसाचे कसे, या प्रश्नावर अभ्यासकांच्या पिढ्या जगल्या आहेत.

थोरोकडे निसर्गाचा पत्ता आहे. ४ जुलै १८४५ला तो वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला. जमीन मित्राची, म्हणजे लेखक एमर्सनची. घर दहा फूट बाय पंधरा, खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट, आणि हा हिशोब त्याने 'वॉल्डन' या पुस्तकात ओळीने मांडलाय. तळं बिनबुडाचं आहे असं गावात म्हणत. याने १८४६च्या थंडीत बर्फ गोठल्यावर होकायंत्र, साखळी आणि दोर घेऊन शंभरावर ठिकाणी खोली मोजली. सर्वांत खोल जागी भरली १०२ फूट. मोजायची तसदी न घेता लोक किती वर्षं बिनबुडाच्या गोष्टींवर विश्वास ठेवतात, असा चिमटा काढून तो पुढे सरकतो. त्याच हिवाळ्याच्या प्रकरणात बर्फ कापणारे मजूर येतात, आणि मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे घामाघूम लोक माझ्या विहिरीचं पाणी पिणार म्हणून तो खूश होतो. कारण न्यू इंग्लंडचा बर्फ तेव्हा जहाजांतून खरोखरच इकडे यायचा. गंमत म्हणजे तो बर्फ इकडे येत असताना तो तिकडे भगवद्गीता वाचत होता.

त्याने टिपलेल्या फुलं उमलण्याच्या तारखा आज शास्त्रज्ञ वापरतात. बोस्टन विद्यापीठाच्या रिचर्ड प्रिमॅक आणि सहकाऱ्यांनी त्या आजच्या नोंदींशी ताडल्या, तर काँकर्डची फुलं सरासरी सात दिवस आधी फुलताना दिसली. हवामानबदलाच्या चर्चेत जाऊन उभा राहणारा असा ललित लेखक दुसरा दाखवा!

पण राजकीय विचार?

इथे पारडं फिरतं. रूसोकडे सार्वभौमत्व, कायदा, सामूहिक इच्छा (म्हणजे सगळ्यांचं हित पाहणारी समाजाची इच्छा), शिक्षण, धर्म, सगळा संसार आहे. हातात काही उरणार नाही ही भीती नाही, सगळंच हातात येईल ही आहे. थोरोचा राजकीय लेख एकच प्रसिद्ध, त्या कोठडीतल्या रात्रीवरचा, तोही एका बैठकीत वाचून होणारा. राजकीय विचारवंत हॅना अॅरेंटने १९७०च्या निबंधात त्याच्यावर नेमकं बोट ठेवलं: एकट्याने आपली सदसद्विवेकबुद्धी स्वच्छ ठेवणं वेगळं, आणि नागरिकांनी मिळून कायदा मोडणं वेगळं. तोंडी परीक्षेला राज्यशास्त्राचे कोणी बसले तर हा प्रश्न येणारच, असं धरून चाला.

मराठी वाचकाने आणखी एक मेख लक्षात ठेवावी. आपण त्या लेखाला 'सविनय कायदेभंग' म्हणतो. १८४९ साली तो छापला तेव्हा त्याचं नाव 'नागरी शासनाला प्रतिकार' असं होतं, दुसरं नाव थोरोच्या मरणानंतर, १८६६ला लागलं. 'सविनय' तर सरळ गांधींच्या घरचा शब्द. १८५९ साली गुलामगिरीविरुद्ध शस्त्रागारावर हल्ला करणाऱ्या जॉन ब्राउनची थोरोने जाहीर बाजू घेतली, त्यात विनय शोधून सापडत नाही. गांधींनी १९०७ साली 'इंडियन ओपिनियन' या दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या साप्ताहिकात थोरो वाचकांपुढे आणला हे खरं, पण सत्याग्रहाची कल्पना आपण त्याच्याकडून घेतलेली नाही, हेही त्यांनी पुढे एका पत्रात स्पष्ट लिहिलंय. या तीन पायऱ्यांवर एक नेटका लघुप्रबंध सहज उभा राहील.

कामाचं बोलू

रूसोसाठी पीएच.डी.पर्यंत जायचं असेल तर फ्रेंच टळत नाही. लघुप्रबंध इंग्रजी अनुवादांवर निभावेल, फक्त अनुवाद कोणाचा घेतला ते पहिल्याच पानावर सांगा. रूसोवरचे अभ्यासक कासिरर (१९३२), ज्युडिथ श्क्लार (१९६९) आणि स्टारोबिन्स्की एवढे तीन वाचले की पाय जमिनीला लागतात. फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदाच्या १९६७च्या ग्रंथात रूसोवर मोठा भाग आहे आणि त्याचा इंग्रजी अनुवाद कलकत्त्याच्या गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी १९७६ला केला. विभागात सिद्धांताची हवा असेल तर तो पुढे करायला बरा. एकट्याने रात्री वाचायला नको.

थोरोचं इंग्रजी मुळातून वाचता येतं, हा मोठाच फायदा. मात्र सोपं समजू नका, श्लेषांनी भरलेलं आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हलने १९७२ला वॉल्डनवर छोटेखानी पुस्तक लिहिलं ते याच वाक्यांच्या नादाने. लॉरेन्स ब्युएल (१९९५) पर्यावरणवादी समीक्षेसाठी, जेन बेनेट (१९९४) राजकारणासाठी. धोका एकच, थोरोच्या रोजनिशीचा. १९०६च्या आवृत्तीत तिचे १४ खंड भरले. त्यात शिरलेली मुलं वर्षभराने खारीबद्दल फार सुंदर बोलतात, पण प्रबंध देत नाहीत. एक वर्ष निवडा, बाकीचे खंड कपाटात.

मराठीकडून यायचं असेल तर थोरोकडे आयता पूल आहे, दुर्गाबाई भागवतांचा. वॉल्डनचा त्यांनी मराठी अनुवाद केला, 'वॉल्डनकाठी विचारविहार'. 'ऋतुचक्र' त्यांचंच. आणि १९७५ला कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या, तुरुंगात गेल्या त्याही त्याच. महिन्यामहिन्याचा निसर्ग बारकाईने टिपणं आणि सत्तेला नाही म्हणणं, हे एकाच बाईत कसं नांदलं? थोरोबद्दल विचारायचा प्रश्न इथे आपल्या भाषेत विचारता येतो, आणि अनुवादात दुर्गाबाईंनी कुठला शब्द का निवडला हे पाहणं एवढंच काम दोन प्रकरणांचं आहे. रूसोकडून मराठीत यायला वाट आहे, पण वळणाची. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, बुद्धाकडून घेतली, असं बाबासाहेबांनी १९५४च्या आकाशवाणीवरच्या भाषणात सांगितलं होतं. तिथून मागे रूसोपर्यंत चालत जायला हिंमत हवी आणि वेळही.

भाचीला मी थोरो घे म्हणून सांगणार आहे. तिच्याकडे आठ महिने आहेत, फ्रेंच नाही, आणि दुर्गाबाई तिने शाळेपासून वाचल्यात. तीच राज्यशास्त्राची विद्यार्थिनी असती आणि वाद घालायची खुमखुमी असती, तर बिनदिक्कत रूसो म्हटलं असतं. विचारवंत म्हणून मोठा तोच, हे थोरोवर जीव असूनही मान्य करतो.

तरी तिने माझं ऐकण्याआधी एक दुपार काढावी. 'चिंतनं'मधली पाचवी फेरी आणि वॉल्डनमधलं हिवाळ्यातल्या तळ्याचं प्रकरण, दोन्ही जेवण झाल्यावर चहापर्यंत वाचून होतात. ज्याच्या समासात पेन्सिल जास्त चालेल तो घ्यावा. पेन्सिली बनवणं हा थोरोच्या घरचा धंदा होता, पण तेवढ्यावरून कौल त्याच्याकडे झुकवू नये.