निवासी अकूस्टिक कॅम्पसाठी गिटारचं सामान: हार्ड केस, ह्युमिडिटी पॅक, क्लिप ट्यूनर, बरेच महिने वापरून

मुक्काम करून वाद्यं शिकायच्या-वाजवायच्या कॅम्पला जायचं ठरलं की मी कपड्यांच्या आधी गिटारची बॅग भरते. कपडे कमी पडले तर भागवता येतं, कोरड्या हवेत लाकूड आकसलं तर मात्र आख्खा कॅम्प बेसूर जातो.

हार्ड केस प्लायवूडची आहे, आत मऊ अस्तर, मानेखाली भक्कम आधार. जड आहे, अगदी जड, गाडीपासून खोली लांब असली की हात भरून येतो. तरी मी तीच नेते, कारण कॅम्पात गिटार एका जागी राहतच नाही, सकाळी हॉलमध्ये, दुपारी झाडाखाली, रात्री सगळ्यांच्या कॉमन खोलीत पलंगाखाली, आणि अंधारात कुणाचा ना कुणाचा पाय लागतोच. पातळ कापडी बॅगेचं ते काम नाही. केसवर नाव मात्र मोठं लिहा, जॅम (सगळ्यांनी मिळून वाजवणं) संपल्यावर भिंतीला सगळ्या काळ्याच केस टेकलेल्या असतात.

सगळ्यात जास्त समाधान ह्युमिडिटी पॅकचं. गिटारला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते आणि हे टू-वे पॅक 49 टक्क्यांच्या आसपास धरून ठेवतात, हवा कोरडी झाली की ओलावा सोडतात, दमट झाली की ओढून घेतात. माझे दोन पॅक साउंडहोलमध्ये, म्हणजे गिटारच्या पोटावरच्या गोल भोकात लटकतात, एक हेडस्टॉकखाली, म्हणजे तारांच्या खुंट्या असतात त्या टोकाखाली. पूर्वी कोरड्या दिवसांत मानेच्या कडेवरून हात फिरवला की फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची टोकं बोचायची, लाकूड आकसतं आणि धातू तेवढाच राहतो म्हणून. आता बोचत नाहीत. पॅक हाताला कडक लागला की बदलायचा.

सोबतच्या हायग्रोमीटरवर, म्हणजे आर्द्रता मोजायच्या यंत्रावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, आधी तपासा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा (विरघळू द्यायचं नाही), ते आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. आकडा 75 च्या जवळ यायला हवा. माझा 71 दाखवतो, म्हणजे वाचताना 4 मिळवायचे, बस. आणि पॅक कितीही चांगले असले तरी उन्हात बंद गाडीत गिटार ठेवायची नाहीच, उष्णतेने डिंक मऊ पडतो आणि तारांच्या ताणाने ब्रिज (पोटावरची तारा अडकवायची पट्टी) उचलला जातो.

क्लिप ट्यूनर घ्याच. फोनवरचं अ‍ॅप माइकवर चालतं, त्यामुळे शेजारी मँडोलिन आणि फिडल लावत असले की गोंधळतं, क्लिप हेडस्टॉकची थरथर पकडते म्हणून कितीही गलका असला तरी सूर बरोबर दाखवते. माझ्यात सीआर 2032 सेल लागतो, एक जास्तीचा ठेवा, कॅम्पच्या आसपास तो मिळेलच असं नाही.

तारा निघायच्या दोन-तीन दिवस आधी बदला, नव्या तारा ताणत राहतात आणि पहिल्याच क्लासला सारखं ट्यून करत बसावं लागतं. वर एक पूर्ण सेट आणि पातळ पहिली तार वेगळी, तुटते ती बहुतेक तीच. कॅपो (सूर चढवायला मानेवर लावायचा चिमटा), तारा गुंडाळायचा वाइंडर, फोल्डिंग स्टँड, वाऱ्यात कागद धरायला कपड्यांचे चिमटे, हेडलॅम्प. आणि इअरप्लग, कारण रात्रीचे जॅम उशिरापर्यंत रंगतात आणि सकाळचा क्लास काही पुढे ढकलत नाहीत.