घरी केलेला वंशवृक्ष पोस्टर: ड्रॉ डॉट आयओवर काम, छपाई आणि फ्रेम

चवथीला (गणेश चतुर्थीला) गोव्यातल्या मूळघरात लावलेला आमचा वंशवृक्ष बघून बऱ्याच जणांनी विचारलं की कुठे करून घेतला, तर कुठेच नाही, घरीच केलाय ड्रॉ डॉट आयओ या आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरवर, छपाई आणि फ्रेम तेवढी बाहेरून. पुढच्या चवथीआधी कुणाला करायचा असेल म्हणून सगळं नीट लिहितेय.

ऑनलाइन रेडिमेड फॅमिली ट्री पोस्टर मिळतात ना, हिरवं झाड आणि फांद्यांवर गोल फोटो, ते आपल्या कुटुंबांना पुरतच नाहीत. आईबाबा, चार आजीआजोबा, दोन मुलं, संपलं. आमच्यात पणजोबांनाच पाच भाऊ, एकाची पहिली बायको वारल्यावर दुसरं लग्न, एक मुलगा चुलत घराण्यात दत्तक दिलेला, आता हे त्या फांद्यांवर बसवायचं कुठे?

ड्रॉ डॉट आयओ फुकट आहे, लॉगिनसुद्धा लागत नाही, फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर सेव्ह करता येते, त्यामुळे घरच्यांची नावं-तारखा कुठल्या वेबसाइटवर टाकायचा प्रश्न येत नाही. एक चौकट दुसरीला रेघेने जोडली की चौकट कुठेही सरकवा, रेघ सोबत येते, आणि ही गोष्ट किती मोलाची आहे ते मधेच कुणीतरी विसरलेला चुलतभाऊ आठवल्यावर कळतं. अरेंजमध्ये लेआउट, त्यात व्हर्टिकल ट्री दाबलं की पिढ्या आपोआप ओळीत लागतात, मग थोडं हाताने सारखं करायचं. दत्तकासाठी तुटक रेघ ठेवली, सगळ्यांना बघितल्या बघितल्या समजलं. मोबाइलवर नका करू, लॅपटॉपच हवा. वेलबुट्टी, देवीचा फोटो वगैरे हवं असेल तर ते आपण आणून चिकटवायचं.

फॉन्टचं आधी ठरवा. कस्टममध्ये जाऊन गुगल फॉन्टचं नाव टाकता येतं, मी तिरो देवनागरी मराठी घेतला कारण त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात, चौकटीतल्या बारीक तारखांना मुक्ता. कुठलंही सॉफ्टवेअर वापरा, अक्षरांमधलं अंतर वाढवायच्या भानगडीत पडू नका, वरची शिरोरेघ तुटते आणि छापल्यावर ती फट फारच डोळ्यात येते.

खरं काम मात्र नावं गोळा करायचं. आमच्याकडे महाजनकीसाठी (देवळाच्या सभासदत्वासाठी) लिहिलेली जुनी वंशावळ होती, सात पिढ्या, सगळे पुरुष. आत्याने ती हातात घेतली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाली, "म्हजें नांव खंय?" तेव्हाच ठरवलं की मुली, सुना सगळ्या येणार, माहेरच्या गावासकट. आणि सापडल्या त्या कुठे, तर मिळकतीच्या कागदांत! गोव्यात पोर्तुगीज सिव्हिल कोडच्या काळापासून मुलींनाही वाटा असतो, त्यामुळे कुणी वारलं की इन्व्हेंटरी (कोर्टातली मिळकतीची वाटणी) किंवा सक्सेशन डीड (वारसांचा दस्त) यांमध्ये मुलींची, जावयांची नावं लिहावीच लागतात. देवळाच्या यादीत नसलेल्या चार पणज्या-आत्या मला तिथे भेटल्या, खूप बरं वाटलं. घरातल्या ट्रंकेत हे कागद असतातच, आधी तिथे बघा. शिवाय गोव्यात जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंदणी 1914 पासूनची आहे, सब-रजिस्ट्रारकडे दाखले मिळतात, त्याहून जुनं काही हवं तर पणजीचं पुराभिलेख खातं, ते तर 1595 पासूनचं. पोर्तुगीज वाचणारं ओळखीचं कुणी असेल तर सोबत न्या. जुन्या कागदांवर आडनावाआधी सिनाय (म्हणजे शेणवी, जुनी उपाधी) लावलेलं असतं, शाळेच्या दाखल्यावर नसतं, त्यामुळे एकच माणूस दोन चौकटींत बसायची शक्यता असते, वडिलांचं नाव जुळवल्याशिवाय चौकट करू नका. बायकांची लग्नाआधीची आणि नंतरची दोन्ही नावं लिहा, आमच्या आजीला माहेरच्यांनी शेवंती म्हणून ओळखलं आणि सासरच्यांनी सुलोचना म्हणून.

फोटो ठेवायचे तर छोटे गोल ठेवा. 3 सेंटीमीटरच्या गोलाला 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) साधारण 354 पिक्सेल लागतात, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एकट्याचा फोटो चालून जातो, पण लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापलेलं तोंड नाही चालत. अल्बममधल्या फोटोंसाठी गुगलचं फोटोस्कॅन चांगलं आहे, चकाकी काढून टाकतं.

आता छपाई. आमचा कागद ए1, म्हणजे 594 बाय 841 मिलिमीटर, आडवा. फ्लेक्सवर अजिबात करू नका, स्वस्त पडतं पण बारीक अक्षर फुटतं आणि घरात बॅनर लावल्यागत दिसतं. मॅट कागद आणि पिगमेंट शाई असलेला प्लॉटर (मोठ्या कागदाचा प्रिंटर) कुणाकडे आहे ते विचारा, साधी डाय शाई आपल्या दमट हवेत पसरते आणि उन्हाने उडतेही लवकर. फ्रेमवर पैसे खर्च करा, माझे तरी सगळ्यात जास्त तिथेच गेले आणि त्याचं काही वाटत नाही. काचेला कागद चिकटता कामा नये, मधे माउंट (कडेची पुठ्ठ्याची चौकट) घालायला सांगायचं, नाहीतर पावसाळ्यात काचेच्या आत बुरशी धरते. चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) बाहेरच्या भिंतीवर लावू नका, तिला पावसात ओल येते, आतली भिंत निवडा आणि फ्रेमच्या मागच्या कोपऱ्यांना रबराचे तुकडे लावा म्हणजे हवा खेळते.

एकंदर मला तर हा प्रकार प्रचंड आवडला, पाचपैकी पाच. पोरांनी आपापली चौकट शोधली, काकांनी दोन तारखा दुरुस्त करून दिल्या, त्या फाइलमध्ये लगेच बदलल्या. खालच्या ओळीत जागा मोकळी सोडलीय, घरात दोन लग्नं ठरलीयत. छापायला देताना पीडीएफच द्या आणि दुकानात स्पष्ट सांगा की 'फिट टू पेज' करू नका, शंभर टक्के साइजनेच काढा, नाहीतर माउंटचं माप चुकतं.