नाव स्वाझी गोल्डचं, बी उत्तराखंडचं

नागपुरात धरमपेठेतल्या एका ऑरगॅनिक दुकानात भांगेच्या बियांचं पाकीट मिळतं. पाव किलो, ४२० रुपये. पुढं सोनेरी अक्षरांत ‘स्वाझी गोल्ड – आफ्रिकन हायलँड सॅटायव्हा’, म्हणजे आफ्रिकेतल्या गांजाच्या एका नावाजलेल्या वाणाचं नाव; मागं बारीक टायपात उत्पादकाचा पत्ता, तो उत्तराखंडचा. माझी अख्खी नोकरी बियाणं तपासण्यात गेली, त्यामुळं पाकिटाची पुढची बाजू मी सवयीनंच शेवटी वाचतो.

आधी माल. बी चांगलं आहे. करडं-तपकिरी, अंगावर जाळीदार नक्षी, आकार एकसारखा, काडीकचरा जवळपास नाही आणि पोचट दाणा शोधावा लागतो. ब्लेडनं उभं कापून भिंगाखाली धरलं तर आतला गर पिवळसर दिसतो, भाजल्याचा वासही येतो. म्हणजे पेरून काही उगवणार नाही, आणि खायच्या मालाचं तसंच असायला हवं. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२१ मध्ये भांगेचं बी, बियांचं तेल आणि पीठ खाण्यासाठी मान्य केलं, तेही टीएचसीची, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्याची, मर्यादा घालूनच.

चटणी केली. मंद आचेवर परतलं की दाणे तडतडतात. मग सुकी लाल मिरची, लसूण, जिरं, मीठ घालून खलबत्त्यात कुटायचं. कुमाऊँकडं यात लिंबू पिळतात, तेही करून पाहिलं, झकास लागतं. चव तीळ आणि अक्रोड यांच्या मधली. फक्त टरफल दाताखाली येतं, कवळीवाल्यांनी सोललेलं बी घ्यावं. ज्वारीच्या भाकरीवर तेल सोडून खाल्ली. आमच्या सौ.चा निकाल एका वाक्यात आला: “चांगली आहे, पण जवसाच्या चटणीनं काय घोडं मारलं होतं बाप्पा?”

प्रश्न रास्त आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ असतं, भांगेच्या तेलात जेमतेम पाचवा हिस्सा. प्रथिनं भांगेत जास्त, हे कबूल. पण विदर्भाचं जवस याच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाही, आणि त्याची एनएल-९७ सारखी वाणं आपल्या नागपुरातच तयार झाली आहेत.

आता लेबल. काउंटरवरचा पोट्टा मोठ्या भक्तिभावानं सांगत होता, “काका, आफ्रिकेच्या पहाडातलं ओरिजिनल वाण आहे, पॉवर वेगळीच!” अरे, बियात कुठली पॉवर? टीएचसी बनतं मादी फुलोऱ्यावरच्या बारीक चिकट केसांत. बियात ते तयारच होत नाही. मळणीत बाहेरून राळ चिकटली तर तेवढीच, आणि तीही धुवून काढतात. स्वाझी गोल्ड हे नाव ज्या गुणामुळं झालं तो गुण फुलोऱ्याचा. खायच्या बियांच्या पाकिटावर ते लिहून गिऱ्हाइकाला मिळतं काय? नुसता रुबाब.

खरं स्वाझी गोल्ड होतं आफ्रिकेतल्या एस्वातिनीत. २०१८ पर्यंत या देशाचं नाव स्वाझीलंड होतं. वायव्येकडचा होहो प्रांत, पिग्ज पीकच्या आसपासचे डोंगर. उंच, सडसडीत झाड, अरुंद पानं, फुलायला उशीर. तिथले लोक त्याला इन्सांगू म्हणतात. कुठल्या कंपनीनं किंवा विद्यापीठानं काढलेलं हे वाण नाही, शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बी राखून टिकवलेलं आहे. १९२२ च्या कायद्यानं तिथं त्यावर बंदी घातली. तरी एचआयव्हीनं कर्ती पिढी नेली तेव्हा कित्येक आज्यांनी डोंगराच्या कुशीत लपवून हेच पीक घेतलं आणि नातवंडांच्या शाळेची फी भरली. पोलीस आले की उभं पीक उपटून जाळायचे. वाचलंच तर मोठा पैसा सीमेपलीकडं दक्षिण आफ्रिकेत विकणाऱ्या दलालाचा. आता त्या वाणाचं नाव धरमपेठेत सोनेरी अक्षरांत विकतं आणि त्या ४२० रुपयांतला छदामही त्या डोंगरात पोचत नाही. पाकिटात वाण दुसरंच असल्यावर पोचणार तरी कशाला?

गांजाच्याच कुळीचा इतका अभिमान मिरवायचा तर खंडवा काय वाईट होतं? नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतात परवान्याची लागवड निमाडातल्या खंडवा तहसिलीत चालायची, भांग-गांजाची चौकशी करणाऱ्या हेम्प ड्रग्ज कमिशनच्या १८९४ च्या अहवालात त्याची नोंद आहे. पण तसं छापायची हिंमत होणार नाही. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा, आणि खंडवा म्हटलं की गिऱ्हाइकाला तोच आठवेल. स्वाझी म्हटलं की कुणालाच काही आठवत नाही. लेबलवाल्याचं सगळं गणित एवढंच असावं.

मालकांना हे सांगितलं. ते हसले, “साहेब, नावावरच उचलतात लोक,” आणि वर थोडा डिस्काउंट दिला. तेव्हा मालाला पाचपैकी चार, लेबलला शून्य.

याच दुकानात तेलाचीही बाटली आहे, कच्च्या घाणीचं हिरवट तेल. फोडणीला वापरू नका, लवकर धुरावतं. चटणीवर किंवा कोशिंबिरीवर वरून घ्या. आणि बी असो की तेल, मे महिन्यात ओट्यावर ठेवू नका. आपल्याकडच्या पंचेचाळीस डिग्रीत दोन्हींना खवट वास सुटतो. घट्ट झाकणाची बरणी, फ्रिजचा खालचा कप्पा.