एक सिलिंडर, तीन सिलिंडर की टिलर? छंद म्हणून जुनं यंत्र उभं करायचं तर कोणतं घ्यावं

हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय. विचारणारा बहुतेक कोथरूड नाहीतर सिंहगड रोडला फ्लॅटमध्ये राहणारा असतो. मुळशी, भोर किंवा सासवडकडे त्याची पाऊण-एक एकर जागा असते, आणि अमेरिकेतले जुने गार्डन ट्रॅक्टर दुरुस्त करण्याचे व्हिडिओ बघून त्याचे हात शिवशिवत असतात. आपल्याकडे असं काही जमेल का? जमेल, आणि फार छान जमेल. फक्त तिकडचं यंत्र इकडे शोधत बसू नका. १९६१चा कब कॅडेट किंवा १९६३चा जॉन डिअर ११० ही घरापुढची हिरवळ कापायला बनवलेली पेट्रोल यंत्रं. जॉन डिअरचा कारखाना आपल्या सणसवाडीत आहे, पण तिथं तयार होतात ते शेतीचे ट्रॅक्टर. बाहेरून आणलेल्या अशा यंत्राचा एखादा पट्टा किंवा कार्बोरेटरचा किट हवा झाला की परदेशातून पार्सल यायची वाट बघायची. छंद तिथंच थंडावतो.

पुण्याच्या आसपास खरोखर मिळणारी आणि एका माणसाच्या आवाक्यातली यंत्रं माझ्या मते तीन: जुना एअर-कूल्ड आयशर, मित्सुबिशी शक्ती मिनी ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर, म्हणजे मागून हँडल धरून चालवायचं दोन चाकांचं मशागतीचं यंत्र. तिन्हींवर माझा हात फिरलाय. पहिला माझा स्वतःचा, दुसरा मेहुण्याचा, तिसरा शेजारच्या भातवाल्या काकांचा.

आधी आयशर, कारण माझा जीव त्याच्यात आहे. १९५९ साली फरिदाबादला जर्मन आयशरच्या सहकार्यानं हा ट्रॅक्टर भारतात बनायला लागला. पंचवीसेक हॉर्सपॉवर, आणि तेवढी ताकद एकाच सिलिंडरमधून, १५५७ सीसी. एवढा मोठा एकटा पिस्टन वरखाली होतो तेव्हा त्याचा ठोका दोन शेतं ओलांडून ऐकू येतो. जुन्या एअर-कूल्ड मॉडेलला रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, होसपाइप नाही. पंखा हवा मारतो आणि बॅरलवरच्या, म्हणजे सिलिंडरच्या नळकांड्यावरच्या, फिन्स (पातळ पट्ट्या) थंड होतात. ज्यानं कधी बुलेटचं इंजिन उघडलंय त्याला इथं काहीच परकं वाटणार नाही. हेड काढा, बॅरल वर उचला, पिस्टन समोर. फक्त सगळं चौपट वजनाचं.

माझा ट्रॅक्टर दौंडकडून आणला तेव्हा इंजिन जाम होतं. सहा-सात पावसाळे उघड्यावर, सायलेन्सरच्या तोंडावर साधा डबासुद्धा उलटा घातलेला नाही. पाणी थेट सिलिंडरमध्ये गेलेलं. हेड उतरवलं तर पिस्टनच्या कडेनं तपकिरी गंजाचं कडं. डिझेल आणि एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचं पातळ तेल, निम्मं-निम्मं करून वर ओतलं आणि रोज संध्याकाळी फ्लायव्हीलला टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, लावून हलकासा पुढं-मागं जोर दिला. हातोडा मारायचा नाही, हे मी स्वतःला बजावून ठेवलं होतं. दहा दिवस काही नाही. अकराव्या दिवशी टॉमीला बोटाच्या पेराएवढा ढिलेपणा जाणवला आणि पिस्टनच्या कडेनं तेलाचा एक बुडबुडा वर आला. ती संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते. बॅरल खराब झालीच होती, ती बदलली. पण पिस्टन ठोकून काढला असता तर कनेक्टिंग रॉडही गेला असता.

आयशरचा ट्रॅक्टरचा धंदा २००५ साली टाफे या ट्रॅक्टर कंपनीनं घेतला, नाव चालू राहिलं, त्यामुळे स्पेअरची साखळी तुटली नाही. फिल्टर, ऑइल सील, क्लच प्लेट, रिंगसेट सहज मिळतात. एअर-कूल्ड मॉडेलचे खास भाग, म्हणजे बॅरल आणि पंख्याभोवतीचे पत्रे, यांच्यासाठी मात्र शोधाशोध करावी लागते. ते पत्रे दुरुस्त करून वापरा, फेकू नका. पुष्कळ गॅरेजवाले ते काढूनच टाकतात. त्यामुळे हवा फिन्सवरून न जाता बाजूनं निघून जाते, आणि मग "एअर-कूल्ड इंजिन तापतं" अशी ओरड होते. फिन्समध्ये तेल आणि मातीचा जो थर बसतो तो लाकडी पट्टीनं उकरून काढला तरी निम्मं तापणं थांबतं.

याची अडचण वजन आणि आकार ही आहे. मागची टायरं १२.४-२८ची, एक टायर रिमसकट उतरवणं हे एकट्याचं काम नाही. त्यात जुने शेतकरी वजनासाठी ट्यूबमध्ये पाणी भरतात, ते पाणी झिरपून रिम आतून खाल्लेला असतो. व्हॉल्व्हजवळ फुगलेला रंग दिसला तर रिम गेला म्हणून समजा. क्लचपर्यंत जायचं तर ट्रॅक्टर मधून दोन भागांत उघडावा लागतो. त्यासाठी चेन-कप्पी, तिचा भार पेलणारी तुळई आणि खाली भक्कम लाकडी ठोकळे हवेत. नुसत्या जॅकवर टेकवलेल्या ट्रॅक्टरखाली कधीही शिरू नका. पक्कं शेड नसेल तर आयशरचा विचारच करू नये.

मिनी ट्रॅक्टरचं सगळं उलटं आहे. बंगळुरूच्या व्हीएसटीनं मित्सुबिशीच्या तंत्रावर हा शक्ती एमटी १८०डी बनवला. साडेअठरा हॉर्सपॉवर, तीन सिलिंडर, पाण्यावर थंड होणारा, वजन टनापेक्षा कमी. मागचं टायर ८-१८चं, ते दोघं जण हसत-खेळत उतरवतात. तुमच्या गेटमधून आत येईल, आंब्याच्या दोन ओळींतून वळेल, आणि उभा राहिल्यावर बागेत खरोखर कामाला येईल. गार्डन ट्रॅक्टरच्या कल्पनेला आपल्याकडे सगळ्यात जवळचा हाच.

पण जुना मिनी येतो कुठून हे बघा. बहुतेक द्राक्षबागेतून: नारायणगाव, नाशिक, सांगली. तिथं त्याचं आयुष्य ब्लोअर जोडून फवारणी करण्यात गेलेलं असतं. बोर्डो मिश्रणातलं मोरचूद लोखंडाला खातं. मडगार्डच्या आतल्या बाजूला, बॅटरीच्या पेटीखाली, लिफ्टच्या सांध्यांत निळसर-हिरवे डाग दिसले की तिथला पत्रा टोकदार पेचकसानं टोचून बघा. मेहुण्याच्या ट्रॅक्टरवर नवा रंग चकाकत होता आणि मडगार्डमधून पेचकस आरपार गेला. फवारणीत पीटीओ, म्हणजे जोडलेलं अवजार फिरवणारा मागचा दांडा, दिवसभर फिरतो, म्हणून त्याचं बेअरिंग आणि सील वाजलेलं असण्याची शक्यता धरून चला. क्लच मात्र अनेकदा बऱ्या अवस्थेत मिळतो, कारण ट्रॉली ओढायची वेळ क्वचितच आलेली असते.

पाण्याचं दुखणं वेगळंच. रेडिएटरमध्ये कूलंट घालायच्या ऐवजी वर्षानुवर्षं विहिरीचं किंवा बोअरचं जड पाणी ओतलेलं असतं. ब्लॉकच्या आत क्षार साठतात, डमी (ब्लॉकच्या भोकांवरची पत्र्याची बुचं) गळतात, हेड गॅस्केट जातं. डिपस्टिक काढून बघा; तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी तेलात शिरलंय. तीन सिलिंडरचं इंजिन पूर्ण बांधायचं म्हणजे पिस्टन, रिंगा, नोझल सगळं तिप्पट, आणि भाग नाजूक, मापं बारीक. आयशर तुम्हाला एखादी चूक माफ करतो. मिनीत हेडचे बोल्ट टॉर्क रेंचनंच आवळायचे, अंदाजानं नाही.

टिलरबद्दल थोडक्यात. मुळशी, वेल्हे, मावळच्या भातखाचरांत चिखलणीसाठी वापरलेले टिलर इकडे मिळतात. केरळच्या कॅमकोचा कुबोटा इंजिनवाला, नाहीतर शक्तीचा. बारा-तेरा हॉर्सपॉवर, आडवा एक सिलिंडर, वजन चार-पाचशे किलो. गाळ्याएवढ्या जागेत मावतो आणि तिघांत सगळ्यात कमी पैशांत उभा राहतो. माती उलटणाऱ्या रोटरीच्या केसमध्ये चिखलाचं पाणी शिरलेलंच असतं, ते आधी उघडायचं. पण यात गिअर बॉक्स सोडला तर शिकण्यासारखं लवकर संपतं, आणि चालवणं कष्टाचं आहे. हँडल मारून सुरू करताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडलभोवती गुंडाळू नका. उलटा झटका बसला तर अंगठा वाचतो. काकांचा अंगठा वाचला नव्हता, दीड महिना प्लास्टर होतं.

आता पुणं म्हणून जे महत्त्वाचं. या शहरात छंदवाल्या माणसाची चैन आहे. नाना पेठेत बेअरिंग, सील, पट्टे, नटबोल्ट एका फेरीत होतात. नमुना हातात घेऊन जा, नंबर विचारत बसू नका. बुधवार-रविवारी जुन्या बाजारात दिवे, मीटर, जुनी हत्यारं मिळतात. लेथ, बोअरिंग, हेड फेस करणं यासाठी भोसरी, धायरी, नऱ्हे. एकच गोष्ट पाळा: बोअर करायला द्याल तेव्हा पिस्टन सोबत द्या. मी एका ठिकाणी फक्त माप लिहून दिलं, त्यांनी बोअर मोठं केलं आणि नवा लायनर वाया गेला. पिस्टन हातात असता तर कारागिरानं स्वतःच तो घालून बघितला असता. डिझेल पंप आणि नोझल मात्र घरी उघडू नका, पंपवाल्याकडेच द्या. नोझलचा फवारा चालू असताना बोटानं तपासणं तर कधीच नाही, तो कातडीतून आत घुसतो.

गंज काढायला आम्ही तिन्ही यंत्रांना एकच पद्धत वापरली. प्लास्टिकचा पिंप, चार लिटर पाण्याला चमचाभर धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर. निगेटिव्ह क्लिप भागाला, पॉझिटिव्ह एका भंगार लोखंडी पट्टीला. स्टीलचा चमचा किंवा पळी वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. उघड्यावरच करा, कारण निघणारा वायू पेट घेतो. अॅल्युमिनियमचा भाग चुकूनही त्यात टाकू नका. एका रात्रीत गंज काळ्या साखरेसारखा सुटतो आणि खाली कारखान्याचे नंबर दिसायला लागतात.

रंग सगळ्यात शेवटी, आणि पावसाळ्यात नाही. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतची कोरडी हवा त्यासाठी उत्तम. मूळ छटा हवी असेल तर डिझेलच्या टाकीखाली बघा, तिथं ऊन पोचलेलं नसतं.

कागद. ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांची, पुढं दर ५ वर्षांनी नूतनीकरण. जुन्या यंत्रांचे कागद पुष्कळदा पहिल्याच मालकाच्या नावावर पडून असतात, तो हयात नसतो आणि वारसांत एकमत नसतं. आरसीवर बँकेचं एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा, चढलेलं असेल तर कर्ज फिटलं असलं तरी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ आणल्याशिवाय ते उतरत नाही. मी एक सुंदर मिनी याच कारणानं सोडला. विकणारा म्हणाला, "दादा, लोन कधीचं फिटलंय," पण पत्र चार महिन्यांत आलं नाही. इसार द्यायच्या आधी मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३०वर सही करणारा माणूस समोर उभा आहे ना, एवढं बघा. आणि यंत्राला जेवढे पैसे मोजाल तेवढेच आणखी बाजूला काढून ठेवा. तिन्हींपैकी कशालाही त्याहून कमी लागताना मी पाहिलेलं नाही.

मग घ्यायचं कोणतं? बाग आहे, यंत्र दर आठवड्याला चालवायचंय आणि दुरुस्तीचे तास मोजकेच आहेत, तर मिनी, पण द्राक्षबागेतला असेल तर पत्रा टोचून. जागा फक्त गाळ्याएवढी असेल तर टिलर. आणि यंत्र आतून समजून घ्यायचं असेल, शेड असेल, सोबतीला एक विश्वासू माणूस असेल, तर आयशर. त्याच्याकडून शेतीचं काम थोडं कमी झालं तरी चालेल, पण इंजिन म्हणजे काय हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरं कोणतंही यंत्र दाखवत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मात्र तिघांपैकी एकही नको. एक सिलिंडर सुरू झाला की वरच्या मजल्यावरची भांडी वाजतात.

बघायला जाल त्याच्या आदल्या दिवशी फोन करून सांगा, आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर काही बोलायच्या आधी इंजिनला हात लावा. गरम लागलं तर ते आधीच सुरू करून ठेवलेलं होतं, आणि थंड इंजिन सुरू होतं का हेच तर बघायचंय; पिठलं-भाकरी खाऊन या, दोन-तीन तास थांबा आणि थंड झाल्यावर स्वतः सुरू करून बघा.