आजीच्या लुगड्यांची गोधडी: एका शिवणसेवेचा अनुभव

आजीची नऊवारी इरकली लुगडी पेटीत विरू देण्यापेक्षा त्यांची गोधडी करून घ्यावी, असे वर्षश्राद्धानंतर आम्हा नातवंडांनी ठरवले आणि ते काम पुण्यातील एका महिला गटाकडे सोपवले. कडेपासून मध्याकडे जाणारा हातशिलाईचा धावदोरा त्यांनी इतका एकसारखा घातला आहे की, विटलेले सुती अंग आतल्या थरांत गेले असले तरी लाल रेशमी पदर वर ठसठशीत दिसतो. सणावारी आजी हाच पदर खोचून पुरण वाटायला बसत असे. दर चढा असला तरी वाजवी वाटला. मात्र रेशमाचा रंग उतरू शकतो, म्हणून गोधडी गार पाण्यात वेगळी धुवावी, ही सूचना त्यांनी आपणहून द्यायला हवी होती.