खिडकीच्या कडेने फिरणारी रेघ: लाइव्ह मटेरियल की रेंडर केलेली क्लिप?

प्रोजेक्टरने इमारतीच्या खिडक्यांच्या चौकटींवरून प्रकाशाची रेघ पळवायची असेल, तर मॅडमॅपर या प्रोजेक्शन मॅपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आकार काढून त्यावर मटेरियल (सॉफ्टवेअर त्या क्षणी तयार करते ते हलते चित्र) लावता येते किंवा आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रिम पाथ्स (रेघेचा हवा तेवढाच भाग दाखवणारी सोय) वापरून क्लिप रेंडर करता येते, म्हणजे व्हिडिओ आधीच तयार करून ठेवता येतो.

प्रोजेक्टर जरा जरी सरकण्याची शक्यता असेल, तर मटेरियलच घ्या. कोपरे ओढून बसवले की काम झाले. वेग, जाडी, रंग तिथल्या तिथे बदलतात. क्लिपमध्ये एका खिडकीची जागा चुकली, तर पुन्हा रेंडर करत बसावे लागते.

संगीताशी घट्ट बांधलेल्या दृश्यात मात्र क्लिपच सरस. 120 बीपीएम (मिनिटाला ठोके) आणि 30 एफपीएसला (सेकंदाला फ्रेम) एक ठोका बरोबर 15 फ्रेमचा, चार ठोक्यांचा लूप 60 फ्रेमचा. शेवटची कीफ्रेम (हालचालीचा टप्पा ठरवणारी खूण) 60 वर ठेवा, पण रेंडर 0 ते 59 इतकेच करा. नाहीतर पहिली फ्रेम दोनदा येऊन रेघ दर फेरीला अडखळते. कोडेक (व्हिडिओ साठवण्याची पद्धत) हॅप ठेवा, त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. एच.264 या दुसऱ्या कोडेकमध्ये बहुतेक फ्रेम आधीच्या फ्रेमवर अवलंबून असतात, त्यामुळे लूपच्या सांध्यावर झटका बसू शकतो.

रेघेची जाडी दोन्हीकडे सांभाळा. 6 मीटर रुंद भिंतीवर 1920 पिक्सेल म्हणजे एक पिक्सेल साधारण 3 मिलिमीटर. एक पिक्सेलची तिरकी रेघ वार्पिंगनंतर (चित्र ताणून भिंतीवर बसवल्यावर) तुटक दिसते. निदान चार पिक्सेल द्या.