मिरजेत पेशंटसाठी डबा हवा असेल तर या मावशींकडूनच घ्या

मिरजेत कुणी ॲडमिट असेल आणि तुम्ही डब्याची सोय शोधत असाल तर दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एक मावशी डबे देतात. बोर्डावर नाव वगैरे काही नाही, 'घरगुती डबा मिळेल' एवढंच, आणि खाली छोटा क्रॉस काढलाय. आम्ही साताऱ्याचे, सासूबाईंना किडनीच्या त्रासासाठी तिथं ठेवलं होतं, त्यामुळं दोन्ही वेळचं जेवण यांच्याकडचंच होतं. साधा डबा ८० रुपये आणि पथ्याचा पण ८०च, हे मुद्दाम सांगतेय कारण बाकी ठिकाणी पथ्याचं म्हटलं की रेट वाढवतात नाहीतर सरळ जमणार नाही म्हणतात.

जेवण एकदम घरचं. ज्वारीची भाकरी नाहीतर चपाती, एक सुकी भाजी, कांदा-लसूण मसाल्याची आमटी, भात, आणि सोबतच्या माणसासाठी ठेचा वेगळा. भाकरी इतकी मऊ की दुपारची संध्याकाळी खाल्ली तरी चामट लागत नाही. भात मात्र कधीकधी गिच्च होतो आणि मेथी आठवड्यात जरा जास्तच वेळा येते.

पण खरं कौतुक पथ्याच्या डब्याचं. बिनमिठाच्या डब्याच्या कडीला लाल दोरा, शुगरवाल्याला हिरवा, आणि किडनीच्या पेशंटचा डबा भरायला मावशी स्वतः बसतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी फेकून द्यायचं आणि मग फोडणी द्यायची, म्हणजे त्यातलं पोटॅशियम कमी होतं. टोमॅटो नाही, डाळ मोजून. सासूबाईंना बघायला येणारा प्रत्येक जण प्रेमानं नारळपाणी घेऊन यायचा, ते किडनीवाल्याला चालत नाही हे मला आधी मावशींनी सांगितलं, डॉक्टरांनी नंतर. त्यांना हे सगळं माहीत असायचं कारण म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं, काकांचं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. मिरजेत यायच्या आधी त्यांचं सांगलीवाडीत घर होतं, २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४५ आहे) तेव्हा घरातलं सगळं गेलं, मग मिरजेत भाड्यानं आले आणि दोन शेगड्यांवर हे डबे सुरू केले. हे पण त्यांनी स्वतःहून सांगितलं नाही, मीच खोदून खोदून विचारलं.

उधारी चालते. १८९४ ला डॉ. वॉन्लेस यांनी मिरजेत मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून या गावाचं दवाखान्यांसाठी नाव आहे, आजही अथणी, जमखंडी, विजापूरकडून लोक येतात, आणि बिल वाढत गेलं की घरचे आधी स्वतःचं जेवण कमी करतात. मावशींना ते चेहऱ्यावरून कळतं, म्हणतात डिस्चार्जला द्या, वहीत लिहितात, विषय संपला. पण त्यांचा एक धडधाकट पुतण्या रोज फुकट जेवायला यायचा, त्याला मात्र आधी भांडी घासायला बसवलं. मला ते जरा कडक वाटलं, तर म्हणाल्या अगं बायबलमध्ये गलतीकरांच्या पत्रात सहाव्या अध्यायात दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी उचला असं आहे आणि पाचव्या वचनात ज्याचा त्याने आपला भार वाहावा असं पण आहे, दोन्ही पाळायचं. मी लहानपणापासून मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) जाते, तो अध्याय कितीदा ऐकलाय, पण दोन्ही वचनं एकत्र कुणी पाळलेली पहिल्यांदा त्या स्वयंपाकघरात बघितली.

अजून एक डोळ्यासमोर घडलेलं सांगते. डबे पोचवणाऱ्या पोरानं एका कन्नड कुटुंबाकडून ५०० रुपये ॲडव्हान्स घेतला आणि वहीत लिहिलाच नाही, तो माणूस गल्लीत येऊन चिडून ओरडायला लागला. मावशींनी त्याला बसवलं, ताट वाढलं, पाचशे परत दिले, आणि पोराला आत नेऊन दार लावून बोलल्या. काय बोलल्या ते कुणालाच कळलं नाही, त्यांच्या जावेलासुद्धा नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात येशू सांगतो ना, भावानं अपराध केला तर आधी एकांतात जाऊन त्याला दाखव, अगदी तसंच. पोरगा अजून कामावर आहे, डबे तोच पोचवतो, पण पैसे आता त्याच्या हातात देत नाहीत आणि मला हे फार पटलं, क्षमा करताना पोराला परत मोहात टाकायचं नाही एवढी काळजी त्यांनी घेतली.

सासूबाईंची तब्येत बिघडली त्या आठवड्यात मंडळीतलेच काही जण भेटायला आले आणि तुमचा विश्वास कमी पडतोय असं बोलून गेले. मी डबा घ्यायला गेले ती रडतच. मावशींनी चहा ठेवला, म्हणाल्या बायबलमधल्या त्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस नुसते जवळ बसून होते तोवर बरं होतं गं, बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. मग विचारलं, प्रार्थना करू का? विचारून करतात हे मला महत्त्वाचं वाटतं. हिंदू, मुसलमान, लिंगायत सगळ्यांचे डबे जातात, कुणीतरी त्यांना डब्यात पत्रकं घालायला सुचवलं होतं तर साफ नाही म्हणाल्या, अडलेल्या माणसाच्या जेवणात आपलं काही मिसळायचं नाही. आमच्या साताऱ्यात कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ ला 'देवाचा दरबार' हा येशूला मानणाऱ्यांचा मेळा सुरू केला त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघंही येत, मावशींच्या ओट्याशी उभं राहिलं की मला नेहमी त्याची आठवण व्हायची, कारण तिथं भाकऱ्या थापणाऱ्या बायका पण सगळ्या जातीधर्माच्या आहेत.

आता तक्रारी. फोन लवकर उचलत नाहीत. काकांच्या डायलिसिसच्या दिवशी दुपारचा डबा अर्धा-पाऊण तास उशिरा येतो, आणि रविवारी उपासनेमुळं दीड वाजतो, शुगरच्या पेशंटला तोवर थांबवू नका, काहीतरी जवळ ठेवा. प्लास्टिकमध्ये देत नाहीत, स्टीलचा डबा धुऊन परत करायचा. पथ्याचा डबा हवा असेल तर डॉक्टरांचा डाएटचा कागद आदल्या दिवशी संध्याकाळी नेऊन दाखवा, फोनवर सांगितलेलं पथ्य त्या घेत नाहीत.